कॉफी उकळावी कीं गाळावी ?



घरीं चांगली कॉफी कशी करावी, असा प्रश्न कोणास विचारला तर बहुतेक जण उत्तरादाखल दुकानाचें नांव सांगतात. अमक्या पेढीची पूड आणा, तमक्या डोंगरावरचे दाणे घ्या, दूध म्हशीचें असूं द्या, असा उपदेश होतो. त्यांत खोटें कांहीं नाहीं. परंतु कॉफीचा इतिहास वाचूं लागलें म्हणजे निराळीच गोष्ट नजरेस येते. उत्तम दाणे हातीं असूनहि युरोपांतील घराघरांत दीड-दोनशें वर्षें वाईट कॉफी पिण्यांत आली, आणि तिचें कारण दाण्यांत नव्हतें, भांड्यांत होतें. पाण्याची आणि पुडीची गांठ किती वेळ असूं द्यावी, व ती केव्हां सोडवावी, एवढाच प्रश्न होता. तो सोडविण्याची जी खटपट झाली तिचा वृत्तांत मी आज सांगणार आहें. त्यांत राजे आहेत, एक धर्मगुरु आहे, एक हेर आहे. आणि ज्यांच्या हातीं खरोखर चूल होती तीं माणसें ह्या कथेंत फार उशिरां येतात.

कॉफीचें झाड मूळचें अबिसीनियाचें, म्हणजे आजच्या इथिओपियाचें. पेय म्हणून तिची पहिली भरंवशाची हकीकत मिळते ती तांबड्या समुद्राच्या पलीकडे, येमेनांत, पंधराव्या शतकांत. रात्रीच्या उपासनेंत झोंप येऊं नये म्हणून तेथील सूफी साधक ती पीत. इ. स. १५११ मध्यें मक्केस खैर बेग नांवाच्या अधिकाऱ्यानें विद्वानांची सभा भरवून तिच्यावर बंदी घातली. पण कैरोहून सुलतानाचा हुकूम आला तो ह्या बंदीस पाठिंबा देणारा नव्हता, आणि कॉफी पुन्हा सुरू झाली. पुढें १५५५ च्या सुमारास अलेप्पोचा हकम आणि दमास्कसचा शम्स ह्या दोघांनीं इस्तंबूल शहरांत कॉफीगृहें काढलीं.

तुर्की लोकांची रीत आजहि तशीच चालू आहे. मैद्यासारखी बारीक पूड, लांब दांड्याचें चिमुकलें भांडें, पाणी, हवी तर साखर, आणि मंद विस्तव. फेस वर चढूं लागला कीं भांडें उतरावयाचें. गाळावयाचें मुळींच नाहीं. पेल्याच्या तळाशीं गाळ बसूं द्यावयाचा आणि वरची निवळ कॉफी घोटघोट प्यावयाची. ही रीत रानटी म्हणून कित्येकांनीं हिणविली आहे, पण ती तशी नाहीं. पूड इतकी बारीक असते कीं तिचा अर्क क्षणांत उतरतो, आणि उकळी धड फुटण्यापूर्वींच भांडें खालीं येतें. युरोपियनांनीं ही रीत उचलली ती अर्धीच. त्यांच्याकडे भांडें मोठें झालें, पूड जाडी झाली, आणि उकळी मात्र राहिली. नव्हे, ती वाढली.

लंडनमध्यें पहिलें कॉफीगृह १६५२ मध्यें पास्क्वा रोझे नांवाच्या माणसानें काढलें. अल्पावधींत तीं इतकीं वाढलीं कीं सरकारची नजर तिकडे गेली. १६६० मध्यें तयार कॉफीवर दर गॅलनास चार पेन्स असा कर बसला. हा कर दाण्यांवर नव्हता, तयार झालेल्या पेयावर होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अंमलदारानें येऊन माप घेतल्याशिवाय कॉफी विकावयाची नाहीं, असें ठरल्यावर दुकानदार तरी काय करणार ? तो एकदम पिंपभर कॉफी उकळून ठेवी, आणि माप झालें म्हणजे लागेल तशी ती पुन्हा तापवून गिऱ्हाइकापुढें मांडी. पुढें १६८९ मध्यें हा कर दाण्यांवर नेण्यांत आला. परंतु तोंवर जवळजवळ तीस वर्षें उलटलीं होतीं, आणि कॉफी म्हणजे उकळून, शिळी करून, पुन्हा उकळलेला काढा, अशी एका पिढीची समजूत होऊन बसली होती. एखाद्या राष्ट्राची रुचि कराच्या अंमलदारानें बिघडविल्याचें इतकें स्वच्छ उदाहरण मला दुसरें ठाऊक नाहीं.

ह्या कॉफीगृहांत बसणारे सारे पुरुष. १६७४ मध्यें लंडनांत ‘स्त्रियांचा कॉफीविरुद्ध अर्ज’ अशा मथळ्याचें एक पत्रक निघालें. तें खरोखर स्त्रियांनींच लिहिलें होतें असें मानावयास आधार नाहीं. त्यांतली थट्टा पुरुषी वळणाची आहे. पण नवरे घरीं सांपडत नाहींत, ही तक्रार लोकांस ओळखीची वाटली असली पाहिजे. पुढल्याच वर्षाच्या अखेरीस दुसऱ्या चार्ल्स राजानें, तेथें राजद्रोहाच्या गप्पा चालतात म्हणून, सर्व कॉफीगृहें बंद करण्याचा जाहीरनामा काढला, आणि ओरड इतकी झाली कीं तो अंमलांत येण्यापूर्वींच त्याला मागें घ्यावा लागला.

कॉफी दुकानांतून घरांत शिरली ती ह्याच वाईट संवयी घेऊन. त्या काळच्या इंग्रजी रीतींत दहा-दहा मिनिटें उकळणें हें नित्याचेंच आहे. उकळल्यावर तें पाणी गढूळ दिसे, म्हणून निवळण्यासाठीं त्यांत अंड्यांतील पांढरा बलक, अंड्याचीं टरफलें, किंवा माशाच्या पोटांतल्या पिशवीपासून केलेला सरस घालीत. दिसण्याचा उपाय झाला. चवीचा झाला नाहीं.

खरा विचार सुरू झाला तो फ्रान्समध्यें. १६६९ मध्यें तुर्कस्तानचा वकील सुलेमान आगा पॅरिसला आला आणि त्यानें बड्या घरांतल्या मंडळीस कॉफीची गोडी लावली. पुढें अठराव्या शतकाच्या आरंभीं तेथें एक साधी युक्ति निघाली: पूड कापडाच्या पिशवींत घालावी, तिच्यावर कढत पाणी ओतावें, आणि अर्क उतरला कीं पिशवी उचलून घ्यावी. पाणी आणि पूड ह्यांची गांठ आपल्या हातानें सोडवितां येते, हें येथें प्रथम लोकांस कळलें. कापडाचा दोष एवढाच कीं तें धुतलें तरी त्याला वास राहतो, आणि धुवावयाचें कोणी, हा प्रश्न पुरुषांनीं लिहिलेल्या ग्रंथांत सहसा येत नाहीं.

ह्याच काळांत पॅरिसच्या पेल्यांत पडणारी पुष्कळशी कॉफी कोठून येत होती, तेंहि सांगितलें पाहिजे. ती येत होती कॅरिबियन समुद्रांतील सेंट डोमिंग ह्या फ्रेंच वसाहतींतून, म्हणजे आजच्या हैतीमधून. आणि ती पिकवीत होते आफ्रिकेंतून धरून आणलेले गुलाम. जगांतील जवळजवळ निम्मी कॉफी तेव्हां ह्या एका वसाहतींत होई. १७९१ मध्यें ह्या गुलामांनीं बंड केलें, आणि १८०४ मध्यें आपलें स्वतंत्र राष्ट्र स्थापन केलें. मळे जळाले, कॉफी महागली. आणि थोड्या पुडींतून चांगला अर्क कसा निघेल ह्याचा शोध नेमका त्याच वर्षांत जोरानें सुरू झाला.

१८०० च्या सुमारास एक नवें भांडें पुढें आलें. त्याचा मान पॅरिसचा आर्चबिशप द बेल्वा ह्याला देण्यांत येतो. दोन मजली किटली. वरच्या मजल्याच्या तळाला बारीक भोंकें. तेथें पूड पसरावयाची, वरून आधणाचें पाणी ओतावयाचें, आणि थेंब थेंब अर्क खालच्या मजल्यांत उतरूं द्यावयाचा. चुलीचा आणि पुडीचा संबंध येथें पुरता तुटला. ब्रिया-सावारँ हा फ्रेंच न्यायाधीश आणि खाण्यापिण्याचा मोठा रसिक. त्यानें १८२५ मध्यें आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला त्यांत, नाना रीति करून पाहिल्यावर आपण ह्याच भांड्यावर स्थिरावलों, असें नमूद केलें आहे. ज्यांनीं मद्रासी फिल्टर पाहिला आहे त्यांना हें वर्णन ऐकून ओळखीचें हसूं येईल. त्याकडे मी मागाहून येतों.

आतां त्या हेराची गोष्ट. बेंजामिन थॉम्सन हा १७५३ मध्यें अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स प्रांतीं जन्मला. तेथील स्वातंत्र्ययुद्धांत त्यानें इंग्रजांना गुप्त बातम्या पुरविल्या, आणि प्रसंग येतांच बायकोमुलीस मागें टाकून तो इंग्लंडला पळाला. पुढें बव्हेरियाच्या राज्यकर्त्याच्या नोकरींत चढत चढत तो काउंट रम्फर्ड झाला. म्यूनिकच्या भिकाऱ्यांना कामाला लावून त्यांच्यासाठीं स्वस्त आणि पौष्टिक रस्सा त्यानेंच ठरविला; तोफांना भोक पाडतांना धातु तापते ती कां, ह्याचा विचार करून १७९८ मध्यें उष्णतेसंबंधींचा आपला नामांकित निबंध त्यानेंच वाचला. माणूस म्हणून तो मला आवडत नाहीं. परंतु चुलीकडे शास्त्रज्ञाच्या डोळ्यांनीं पाहणारा असा माणूस त्याच्यापूर्वीं विरळाच झाला, हें कबूल केलें पाहिजे.

ह्या रम्फर्डनें १८१२ मध्यें कॉफीवर एक स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. त्यांतला मुद्दा असा: कॉफी करतांना घरभर जो सुवास दरवळतो त्यानें आपण खूष होतों, पण तो सुवास पेल्यांतून गेलेला असतो. खोलींत जेवढा वास, तेवढी पेल्यांत तूट. म्हणून पूड उकळूं नये. उकळीच्या खळबळीनें सुवासाचें द्रव्य उडून जातें. पूड सारख्या जाडीच्या थरांत दाबून बसवावी, म्हणजे पाणी एकाच वाटेनें निसटून न जातां सर्व पुडींतून सारखें झिरपेल. भांड्याच्या भोंवतीं कढत पाण्याचें वेष्टण असावें, म्हणजे अर्क उतरतांना निवणार नाहीं. आज दोनशें वर्षांनंतर ह्यांतला एकहि नियम खोटा ठरलेला नाहीं. कढत पाण्याचें महत्त्व त्याला दुसऱ्याहि प्रकारें कळलें होतें. त्यानें लाव्हाझिए ह्या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या विधवेशीं लग्न केलें, आणि दोघांचें मुळींच जमलें नाहीं. एकदां त्यानें तिच्या पाहुण्यांना बागेचें फाटक बंद केलें, तेव्हां तिनें त्याच्या आवडत्या फुलझाडांवर उकळतें पाणी नेऊन ओतलें. ही हकीकत त्यानें स्वतःच पत्रांत लिहून ठेवली आहे.

रम्फर्डचीं भांडीं उत्तम होतीं, पण महाग आणि भानगडीचीं. सामान्य घरांत तीं गेलीं नाहींत. सामान्य घरांत त्या वेळीं निराळेंच कांहीं चाललें होतें. प्रशियाचा राजा फ्रेडरिक ह्याला कॉफीच्या पायीं परदेशीं जाणारा पैसा खुपे. १७८१ मध्यें त्यानें कॉफी भाजण्याचा हक्क सरकारच्या हातीं घेतला, आणि चोरून भाजणारांचा वास काढण्यासाठीं जायबंदी झालेले जुने शिपाई रस्तोरस्तीं फिरविले. लोक त्यांना ‘कॉफी हुंगणारे’ म्हणत. पुढें १८०६ पासून नेपोलियननें इंग्रजी व्यापाराची कोंडी केली, आणि युरोपांत वसाहतींचा माल दिसेनासा झाला. ह्या दोन्ही आपत्तींत गरिबांनीं चिकोरीचा आश्रय केला. चिकोरी म्हणजे एका निळ्या फुलांच्या झाडाचें मूळ. तें वाळवून, भाजून, कुटून कॉफींत मिसळतात. त्यांत कॉफीचा सुवास नाहीं कीं तरतरी नाहीं; रंग आहे, दाटपणा आहे, आणि एक प्रकारचा गोडसर कडवटपणा आहे. टंचाई संपली, पण चिकोरी राहिली, कारण जिभेला ती संवयीची झाली होती. ज्यांना ती आवडते त्यांच्याशीं माझें भांडण नाहीं. पण शुद्ध कॉफी म्हणून पैसे मोजून ती घेऊं नये. आपल्याकडील कायद्याप्रमाणें मिश्रणांत निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान ५१ टक्के, कॉफी असली पाहिजे आणि दोहोंचें प्रमाण वेष्टनावर छापलें पाहिजे. तो बारीक मजकूर वाचण्याची संवय चांगली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेनें ह्या कथेंत एक पाऊल मागें टाकलें. तेथें पर्कोलेटर नांवाचें भांडें घरोघर गेलें. खालचें पाणी उकळून मधल्या नळीनें वर चढतें, टोपलींतल्या पुडीवर पडतें, खालीं उतरतें, आणि पुन्हा उकळून वर चढतें. हें भांडें विस्तवावर ठेवून दुसऱ्या कामाला लागतां येतें, म्हणून तें लोकांस आवडलें. परंतु त्यांत पाणी एकदां अर्क घेऊन थांबत नाहीं. अर्कच पुन्हा पुडीवर जातो, आणि दर फेरीला कडू होऊन येतो. लंडनच्या दुकानदाराचें पिंप आणि हें चकचकीत भांडें ह्यांत तत्त्वतः फरक थोडा. तरीहि १९७२ च्या पुढें विजेवर चालणारीं ठिबक-यंत्रें येईपर्यंत अमेरिकन घरांतून त्याचें राज्य गेलें नाहीं.

आणि आतां ती बाई येते जिच्यासाठीं मी आपणांस इतका वेळ थांबविलें. मेलिटा बेंट्झ ही जर्मनींतील ड्रेस्डेन शहरांत राहणारी गृहिणी. पेल्यांतला गाळ, कडवटपणा, आणि रोज धुवावें लागणारें कापड ह्या तिन्ही गोष्टींना ती कंटाळली होती. १९०८ मध्यें तिनें एक पितळी डबा घेतला, खिळ्यानें त्याच्या तळाला भोंकें पाडलीं, आणि मुलाच्या शाळेच्या वहींतला टीपकागद कापून त्यांत बसविला. त्यावर पूड, वरून कढत पाणी. खालीं आली ती निवळ कॉफी. आणि काम संपल्यावर चोथा कागदासकट उचलून टाकावयाचा, धुवावयाचें कांहीं नाहीं. टीपकागद माझ्या व्यवसायबंधूंच्या हातांखालून पिढ्यान्‌पिढ्या गेला असेल. शाई टिपण्यापलीकडे त्याचा उपयोग कोणा मास्तराला सुचला नाहीं. बाईंनीं त्याच वर्षीं उन्हाळ्यांत आपल्या शोधाचा हक्क सरकारदरबारीं नोंदविला, आणि डिसेंबरांत त्र्याहत्तर फेनिग भांडवलावर घरांतच कंपनी काढली. त्या काळीं शंभर फेनिगांचा एक मार्क होई, तेव्हां हें भांडवल एका मार्काचेंहि नव्हतें. नवरा आणि मुलगे हाताखालीं कामाला. तिच्या नांवानें ती कंपनी आजहि चालू आहे.

आर्चबिशपाची किटली आणि बाईंचा डबा ह्यांत मूळ कल्पना एकच. पण एकानें पिणाराचा विचार केला होता, दुसरीनें करणाराचाहि केला. माझ्या मतें हाच तो फरक आहे ज्यामुळें पहिली वस्तु दिवाणखान्यांत राहिली आणि दुसरी स्वयंपाकघरांत गेली.

ह्या साऱ्या खटपटीला शास्त्राचा आधार मिळाला तो पुढें. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्राच्या विख्यात संस्थेंत सॅम्युएल प्रेस्कॉट ह्यांनीं १९२० नंतरच्या तीन वर्षांत प्रयोग केले, आणि पाणी उकळत्या स्थितीपेक्षां कांहींसें कमी कढत असावें, भांडें कांचेचें किंवा चिनी मातीचें असावें, असा निर्णय दिला. पुढें १९५० नंतरच्या दशकांत त्याच संस्थेचे अर्नेस्ट लॉकहार्ट ह्यांनीं हिशेबच मांडला. भाजलेल्या कॉफीची १०० ग्रॅम पूड घेतली तर तिच्यांतून फार तर अठ्ठावीस ते तीस ग्रॅम द्रव्य पाण्यांत उतरूं शकतें. परंतु १८ ते २२ ग्रॅम उतरलें असतां चव सर्वांत चांगली लागते. ह्याचें कारण सोपें आहे. पुडींतलीं सर्व द्रव्यें एकाच वेळीं सुटत नाहींत. आधीं आंबटसर आणि सुवासिक द्रव्यें येतात, मग गोडवा येतो, आणि शेवटीं तुरट-कडू भाग येतो. लवकर थांबलें तर कॉफी फिकी आणि आंबट. उशिरां थांबलें तर कडू. बारीक पुडींतून अर्क लवकर उतरतो, जाड्या भरडींतून उशिरां. म्हणून भांडें बदललें कीं दळण बदलावें लागतें. तुर्क हें आंकडे न मांडतां जाणत होते.

बाकीच्या भांड्यांची नुसती नांवें घेतों. दांड्यानें जाळी दाबून चोथा तळाशीं कोंडणारी दट्ट्याची किटली फ्रान्समध्यें १८५२ सालीं निघाली व १९२९ मध्यें इटलींत सुधारली. इटलींतच १९३३ मध्यें आल्फोन्सो बियालेत्ती ह्यानें अष्टकोनी अॅल्युमिनियमची मोका किटली काढली. तींत वाफेच्या दाबानें पाणी पुडींतून एकदांच वर चढतें, म्हणून ती पर्कोलेटरच्या दोषांतून सुटली. आणि १९३८ मध्यें स्वित्झर्लंडांत विरघळणारी कॉफी बाजारांत आली, तिच्यामागें ब्राझीलचें संकट होतें. भाव इतके कोसळले होते कीं १९३१ पासून १९४४ पर्यंत त्या देशानें सात कोटी ऐंशी लाख पोतीं कॉफी जाळून व समुद्रांत बुडवून नष्ट केली. उरलेलीचें कांहीं तरी करा, ह्या निकडींतून ती भुकटी जन्मली. तिच्याविषयीं अधिक बोलण्यासारखें मला कांहीं दिसत नाहीं. ती सोयीची आहे.

आतां आपल्याकडे येऊं. बाबा बुदन नांवाच्या सूफी साधूनें यात्रेहून परततांना मोखा बंदरांतून सात दाणे लपवून आणले आणि चिकमगळूरच्या डोंगरांत पेरले, अशी परंपरागत कथा आहे. काळ सतराव्या शतकाचा. तो डोंगर आजहि त्याच्या नांवानें ओळखला जातो. मोठ्या प्रमाणावर मळे मात्र एकोणिसाव्या शतकांत, म्हैसूर, कूर्ग आणि वायनाड येथें झाले. शेजारी सिलोन तेव्हां कॉफीचें मोठें आगर होतें. १८६९ मध्यें तेथें पानांवर तांबेरा पडला. वीस वर्षांत मळे उजाड झाले आणि मळेवाल्यांनीं त्या जमिनींत चहा लावला. आपलीं घरें चहाचीं कां झालीं ह्याचीं कारणें अनेक आहेत. त्यांत हा तांबेरा एक आहे.

मद्रासकडील घरांत मात्र विसाव्या शतकाच्या आरंभापासून कॉफी रुजली. सकाळच्या शिळ्या भाताच्या पेजेची जागा तिनें घेतली, आणि सनातनी मंडळींनीं तेव्हां त्यावर पुष्कळ टीकाहि केली. तंजावरास मराठ्यांचें राज्य १८५५ पर्यंत होतें. तेथें स्थायिक झालेलीं मराठी घरेंहि त्या प्रांताप्रमाणें गाळलेल्या कॉफीचीं झालीं. त्यांच्या पितळी फिल्टराची रचना पाहा: दोन डबे एकावर एक, वरच्याच्या तळाला बारीक भोंकें, पुडीवर ठेवावयाची दांड्याची चकती, आणि झांकण. आर्चबिशपाच्या किटलीचें आणि ह्याचें कुळ एकच. चकतीनें पूड सारखी दाबली जाते आणि ओतलेल्या पाण्यानें ती उसळत नाहीं. झांकणानें सुवास कोंडतो. रम्फर्डला हें भांडें पाहून समाधान वाटलें असतें. पितळेला कल्हई मात्र वेळच्या वेळीं लागते; पोलादी फिल्टर आल्यापासून ती कटकट गेली.

महाराष्ट्रांत कॉफी आली ती चहाच्या घरांत पाहुणी म्हणून. मुंबईस १९३६ मध्यें चर्चगेटला पहिलें इंडिया कॉफी हाउस निघालें, तें देखील जागतिक मंदींत मळ्यांचा माल देशांतच खपावा म्हणून नेमलेल्या समितीच्या खटपटीनें. पण घरांत तिला चहाचेंच पातेलें आणि चहाचीच उकळी मिळाली. उपासाला चालते म्हणून, जागरणाला बरी म्हणून, दूध-साखर-पाणी एकत्र ठेवून त्यांत पूड टाकावयाची, वर जायफळ किसावयाचें, आणि चांगली दोन उकळ्या येऊं द्यावयाच्या. जायफळाला माझी हरकत नाहीं; तें आपलें लेणें आहे आणि दुधाशीं त्याचें जमतें. हरकत आहे ती त्या दोन उकळ्यांना.

फिल्टर घरांत नसला तरी अडत नाहीं. पाण्याला आधण येऊं द्यावें, मग उतरवून अर्धा मिनिट थांबावें. ९० ते ९६ अंश उष्णता कॉफीला मानवते, आणि पुण्यासारख्या उंचीवर पाणी मुळांत ९८ अंशांच्या आसपासच उकळतें, तेव्हां फार थांबावयास नको. एक लिटर पाण्याला ५५ ते ६० ग्रॅम पूड, म्हणजे मोठ्या पेल्याला दहा-अकरा ग्रॅम. रव्यासारखी भरड पूड चिनी मातीच्या भांड्यांत घालून पाणी ओतावें, झांकावें, चार मिनिटांनीं स्वच्छ फडक्यानें गाळून घ्यावी. दूध निराळें तापवावें व मागाहून घालावें, जायफळ दुधांत. दुधाची कॉफी दाट हवी असेल तर पाणी निम्में करावें, वेळ वाढवूं नये. दाणे थोडे थोडे आणून लागतील तसे दळावे. दळलेल्या पुडीचा सुवास दाण्यांपेक्षां फार लवकर जातो. डबा घट्ट झांकणाचा असावा, आणि तो मसाल्याच्या डब्याशेजारीं ठेवूं नये.

फिल्टर असेल तर रात्रीं पूड भरून ठेवण्यापेक्षां सकाळीं भरावी, आणि अर्क उतरावयास पंधरा-वीस मिनिटें द्यावीं. उतरलेला अर्क विस्तवावर पुन्हा ठेवूं नये. दूध कढत असलें म्हणजे पुरतें.

एक गोष्ट राहिली. फिल्टरांतली पूड एकदां वापरल्यावर तिच्यावरच पुन्हा पाणी ओतून दुसरा अर्क काढण्याची चाल पुष्कळ घरांत होती व अजूनहि आहे. पहिला अर्क घरांतल्या कर्त्या पुरुषांना आणि पाहुण्यांना; दुसरा गडीमाणसांना, आणि मागें राहून पिणाऱ्या घरच्या बायकांना. काटकसर म्हणून ती चाल पडली हें खरें. पण लॉकहार्टचा हिशेब तिला लावून पाहिला तर दिसतें कीं पहिल्या पाण्यानें चांगला भाग बहुतेक नेलेला असतो, आणि दुसऱ्या पेल्यांत जें उतरतें तें प्रामुख्यानें तुरट आणि कडू. जिनें पूड दळली, पाणी तापविलें, फिल्टर धुतला, तिच्या वांट्याला नेमका तोच पेला. चार माणसांच्या फिल्टरांत दीड-दोन चमचे पूड अधिक घातली आणि पाणी त्या मानानें एकदांच ओतलें, तर सर्वांना एकाच अर्काची कॉफी पुरते. खर्च वाढतो तो महिन्याकाठीं पुडीच्या एखाद्या लहान पुड्याचा.